टक झालं का

त्याला सगळे शेठ म्हणत. त्यात आदर शोधायला जाऊ नये. एक क्रेन, एक पत्र्याची शेड आणि कितीही घासली तरी काळीच राहिलेली दहा नखं, एवढ्या भांडवलावर माणूस शेठ होत असेल तर त्या शहरात शेठ नसलेला माणूस शोधत फिरावं लागलं असतं. क्रेन त्यानं घेतली तेव्हाच ती तिसऱ्या हाताची होती. आता तिला सत्तावीस वर्षं झाली होती आणि तिचं नाव पडलं होतं म्हातारी. म्हातारीचे नखरे मात्र नव्या नवरीला लाजवतील असे. आज पंप, उद्या क्लच, परवा काहीच नाही, नुसतं रुसणं. सकाळी शेडमध्ये गुणी लेकरासारखी सुरू व्हायची आणि नेमकं वजन हवेत गेलं की बंद पडायची.

शेडच्या आतल्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती. प्रत्येक खिळ्याला एक मोडका भाग लटकत होता. तडकलेलं बेअरिंग, फाटलेला होज पाईप, दात झिजलेलं गिअर. प्रत्येकाखाली खडूनं तारीख आणि जागा. "तुटलेलं फेकायचं नाही, डोळ्यांसमोर ठेवायचं. म्हणजे तीच चूक परत होत नाही," असं शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. त्याची बायको कामाच्या नोंदी वहीत लिहायची, फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायची. ती म्हणायची, "लोक भिंतीवर माणसांचे फोटो लावतात. आमच्याकडे भंगाराचे नातेवाईक आहेत."

त्या भिंतीवर एक भाग नव्हता. तो क्रेनच्या बॅटरीच्या पेटीत, ग्रीसच्या रिकाम्या डब्यात, चिंधीत गुंडाळून ठेवलेला होता. तळहातात मावेल एवढी लोखंडी झडप, आणि तिच्याभोवती अजून तशीच असलेली तार. अकरा वर्षांत शेठनं बॅटऱ्या पाच वेळा बदलल्या, डबा एकदाही हलवला नाही.

म्हातारीवर इलाज करायला जो मेकॅनिक यायचा त्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला लावून मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटून आतला आवाज ऐकायचा. शेठ त्याला नेहमी एकच विचारायचा.

"दुसरा काही आवाज येतो का?"

"कसला?"

"असाच. काहीतरी."

"शेठ, तिचं वय झालंय. तुझंही झालंय. दोघांनी मिळून विश्रांती घ्या," डॉक्टर म्हणायचा आणि हात पुसत निघून जायचा.

शेठला जे ऐकू यायचं ते पंपात नव्हतं. तो केबिनमध्ये बसला, डावा हात दांड्यावर ठेवला, वजन उचलायची वेळ आली, की डाव्या कानामागून कुणीतरी विचारायचं, "टक?" तसंच, सहज, घाईत नसलेल्या माणसानं विचारावं तसं. शेठ उत्तर द्यायचा नाही. दात आवळून दांडा ओढायचा. दिवसातून वीस वेळा उचल असेल तर वीस वेळा. ज्या दिवशी आवाज जरा मोठा येई त्या दिवशी म्हातारी बंद पडते, अशी त्यानं मनाशी खूणगाठ बांधली होती. खरं म्हणजे ती इतर दिवशीही बंद पडायची, पण ते तो मोजत नसे.

तो आवाज होता टक्याचा, आणि टक्या जिवंत होता. म्हणून तर शेठला जास्त भीती वाटायची.

टक्या म्हणजे म्हातारीचा पहिला बांधणारा. वजनाला पट्टे घालायचे, तोल बघायचा, खालून हातानं इशारे करायचे, हे त्याचं काम. त्याच्यासारखा बांधणारा पंचक्रोशीत नव्हता. कपाट असो की कारखान्याचं यंत्र, भोवती एक फेरी मारायचा, दोन ठिकाणी हात ठेवायचा, आणि पट्टे जिथं घालील तिथून वजन बोटभरही कलायचं नाही. त्याचा एक नियम होता. हुकाच्या तोंडावर स्प्रिंगची झडप असते. पट्ट्याचं कडं आत गेलं की ती आपोआप मिटते आणि टक असा आवाज होतो. तो आवाज झाला म्हणजे कडं आता बाहेर येत नाही. टक्या तो आवाज स्वतः ऐकायचा, आणि हुकाशी दुसरा कुणी असेल तर त्याला विचारायचा, "टक?" समोरच्यानं "झालं" म्हटल्याशिवाय त्याचा हात उचलायच्या इशाऱ्यासाठी वर जायचा नाही. साइटवरचे लोक हसायचे. जेवायला बसताना डब्याचं झाकण लावलं तरी कुणीतरी ओरडायचं, "टक?" त्यावरून नाव पडलं. त्यालाही ते आवडायचं.

अकरा वर्षांपूर्वी एका शाळेच्या गच्चीवर पाण्याची लोखंडी टाकी चढवायची होती. त्या सकाळी शेडमधून निघताना शेठनं पाहिलं की झडपेची स्प्रिंग तुटली आहे. झडप लुळी पडून हुकाच्या तोंडात लोंबत होती, कडं आत जाऊ देत नव्हती. नवी झडप आणलेली होती. केबिनमध्ये काचेपाशी पिशवीत पडली होती. पण शाळा भरायच्या आत काम संपवायचं होतं, उशीर झालाच होता. शेठ मनात म्हणाला, दुपारी बदलू. त्यानं लुळी झडप मागे ओढली आणि बारीक तारेनं हुकाच्या पाठीला बांधून टाकली. तोंड मोकळं झालं. असं कुणी करत नाही असं नाही. सगळे करतात, आणि सगळे दुपारी बदलणार असतात.

टाकी दीड माणूस उंच. टक्या तिच्या पलीकडे वाकून पट्टे खालून सरकवत होता. शेठ स्वतः टाकीवर चढला आणि त्यानं चारी कडी हुकात घातली. टाकीच्या आड टक्याला हूक दिसत नव्हता. त्यानं पलीकडून विचारलं, "टक?"

"झालं," शेठ म्हणाला. खोटं बोलायचं म्हणून नाही बोलला. सवयीनं बोलला. रोजचा प्रश्न, रोजचं उत्तर.

शेठ खाली उतरून केबिनमध्ये बसला, टक्याचा हात इशाऱ्याला वर झाला आणि टाकी वर गेली. दोरी धरून तिला फिरू न देण्याचं काम टक्याच्या थोरल्या भावाकडे होतं. गच्चीच्या कठड्याला टाकीची कड टेकली, पट्टे क्षणभर सैल पडले, आणि तारेनं बांधलेल्या त्या उघड्या तोंडातून एक कडं अलगद बाहेर आलं. कलत्या टाकीखालून पट्टा ओढला गेला आणि टाकी खाली आली. भाऊ बाजूलाच उभा होता, नियमाप्रमाणे. टाकी सरळ आली असती तर तो वाचला असता.

सगळे तिकडे धावले. शेठही धावणार होता. पण त्याआधी त्यानं हूक मशीनच्या मागे खाली घेतला, तार तोडली, जुनी झडप काढून खिशात घातली, नवी बसवली, आणि सुटलेलं कडं उचलून परत हुकात अडकवलं. टक. सगळं मिळून चार मिनिटं लागली. सकाळी ज्याला वेळ नव्हता त्या कामाला चार मिनिटं. ही चार मिनिटं त्याच्या मानगुटीवर बसली ती कायमची.

चौकशीवाले आले. चारी कडी हुकात, झडप चांगली, पट्टे शाबूत, आणि टाकी मात्र पट्ट्यांतून निसटलेली. म्हणजे बांधणंच चुकलं. तसं त्यांनी लिहिलं. शेठला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला काही सांगता येत नाही." टक्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बांधलं मीच होतं." आणि त्या कागदावर पहिली सही त्यानंच केली.

त्यानंतर टक्यानं आयुष्यात कशालाही गाठ मारली नाही. बूट सोडून चपला घातल्या, कारण बुटाला नाडी असते. पुठ्ठ्याची खोकी डिंकानं चिकटवायचं काम धरलं. लग्नाचं बोलणं चालू होतं ते त्यानंच मोडलं. ज्या इमारतीत तो तळमजल्यावरच्या खोलीत राहायचा तिथंच वरच्या मजल्यावर त्याची वहिनी राहायची. आईमागे तिनंच त्याला वाढवलं होतं. त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी अवाक्षर काढलं नाही. जिना एकच. ती उतरताना दिसली की टक्या भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, ती पुढून निघून जायची. हे सगळं शेठला ठाऊक होतं. असल्या गोष्टी पोचवणारे लोक जगात कमी नसतात.

म्हणून टक्याच्या गल्लीतलं काम शेठ कधी घ्यायचा नाही. तारा खाली आहेत, वळण अरुंद आहे, जमीन भुसभुशीत आहे, तोंडाला येईल ते सांगून मोकळा व्हायचा. यंदा बायकोनं त्याला न विचारता काम घेतलं. एका शिंप्याच्या इमारतीला बाहेरून लोखंडी जिना लावायचा होता.

"नाही म्हणून कळव," शेठ म्हणाला.

"का? मी स्वतः जाऊन पाहून आले. तारा उंच आहेत, वळणावर ट्रक येतो, आणि खाली दगडी फरशी आहे. आता काय सांगणार?"

तिनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि वहीत तारीख लिहिली.

त्या दिवशी म्हातारी गल्लीत शिरली, चार लोखंडी पाय टेकून उभी राहिली. आता बांधायचं काम शेठचा मेहुणा करायचा, बायकोचा धाकटा भाऊ. माणूस कामाचा, पण विचारणं नाही, सांगणं नाही, नुसता अंगठा वर. त्यानं जिन्याला पट्टे घातले, कडी हुकात टाकली, अंगठा दाखवला. कानामागून आवाज आला, "टक?" आज इतका स्पष्ट, की शेठनं मान वळवून बघितलं. समोरच्या इमारतीची तळमजल्यावरची खिडकी उघडी होती. आत डिंकाचे डबे आणि खोक्यांची चळत दिसत होती.

जिना जमिनीपासून दोन पुरुष वर गेला आणि फट्‌ असा आवाज झाला. हुकाचा दोर गुंडाळणाऱ्या ड्रमला तेल पोचवणारा होज पाईप फुटला. फरशीवर तेलाचं थारोळं. ब्रेकनं वजन धरून ठेवलं होतं, त्यामुळे जिना पडणार नव्हता, पण वरही जाणार नव्हता आणि खालीही येणार नव्हता. गल्लीच्या मधोमध लोंबकळत राहिला. मेहुण्यानं दोन्ही टोकांना दोऱ्या लावून लोकांना थोपवलं. डॉक्टरला फोन गेला. वजन टांगलेलं असताना चालकानं मशीनपासून हलायचं नसतं. शेठला पळून जायची इतकी इच्छा कधी झाली नव्हती, आणि तो केबिनच्या पायरीवर खिळून बसला.

डॉक्टर येऊन कामाला लागला. तासाभरानं समोरच्या दारातून टक्या बाहेर आला. केस पार पिकलेले, बोटांना डिंक, पायात चपला. दोरीशी आला तसं मेहुण्यानं अडवलं. टक्यानं मान वर करून जिना पाहिला, एकदा, दुसऱ्यांदा, आणि दोरीखालून वाकून आत आला. त्याची चाल पाहून मेहुण्यानं पुन्हा अडवलं नाही.

तो शेठशेजारी पायरीवर बसला.

"म्हातारी अजून चालते म्हणायची."

"चालते कसली. बघतोयस ना."

"तेव्हाही अशीच होती," टक्या म्हणाला. मग डिंकाची साल बोटावरून सोलू लागला. "शेठ, तुला एक सांगायचं राहून गेलंय. माझ्या हातून झालं आणि नाव तुझ्या क्रेनचं खराब झालं. तरी चौकशीत तू माझ्याविरुद्ध एक शब्द बोलला नाहीस. मी विसरलो नाही. यायला तोंड नव्हतं, म्हणून आलो नाही."

टक्या शिव्या देईल, तोंड फिरवील, थुंकेल, या सगळ्याची तयारी त्यानं अकरा वर्षं केली होती. हा माणूस उपकार मानील हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आपण मेलो असतो तर बरं झालं असतं असं त्याला सरळ सरळ वाटलं.

टक्या पुन्हा वर बघत होता. "चांगलं बांधलंय पोरानं. उजवीकडे जरा जड आहे, पण चालेल." आणि मग, जुन्या सवयीनं, कुणाकडेही न बघता, "टक झालं होतं ना?"

या वेळी आवाज कानामागून आला नाही. शेजारून आला.

"याचं झालंय," शेठ म्हणाला. "त्या दिवशीचं झालं नव्हतं."

टक्यानं मान वळवली. शेठ उठला, बॅटरीची पेटी उघडली, ग्रीसचा डबा काढला आणि चिंधी सोडून झडप त्याच्या हातात दिली. मग सगळं सांगितलं. स्प्रिंग, तार, दुपारी बदलू, टाकीवर चढून म्हटलेलं ते "झालं". कडं परत अडकवलेलंही सांगितलं. सांगताना तो टक्याच्या चपलांकडे बघत होता.

टक्या तारेवरून अंगठा फिरवत राहिला. शेठ डावखुरा, त्याच्या तारेचा पीळ नेहमी उलटा बसायचा. टक्याला तो अंधारातही ओळखता आला असता.

"नवी कुठं होती?"

"केबिनमध्ये. काचेपाशी."

"बदलायला किती वेळ लागला?"

"चार मिनिटं."

टक्यानं झडप मुठीत आवळली. आता हा मारील, असं शेठला वाटलं आणि त्याला जरा बरंच वाटलं. पण टक्या तसाच बसून राहिला. पलीकडे डॉक्टरनं नवा होज आवळला, स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकलं आणि हाक दिली, "शेठ, घे बघू हळू."

शेठ केबिनमध्ये चढला. टक्या उठून मेहुण्याच्या जागी जाऊन उभा राहिला. त्यानं झडप खिशात टाकली आणि हात वर केला. अकरा वर्षं डिंकात बुडालेला हात, पण इशारा तोच, आखूड आणि पक्का. शेठनं दांडा ओढला. जिना वर गेला, वळला, शिंप्याच्या भिंतीला लागला. बोटभरही इकडेतिकडे नाही. बोल्ट बसेपर्यंत टक्याचा हात हवेत स्थिर होता. मग हूक खाली आला. टक्यानं कडी काढली, नव्या झडपेवर बोट दाबलं, आत ढकलली आणि सोडली. टक.

तो केबिनपाशी आला. "उतर. वर चल."

"कुठं?"

"तुला ठाऊक आहे कुठं."

"तू सांग ना तिला. ती झडप दाखव. मी कसा..."

"ती माझ्याशी बोलत नाही," टक्या म्हणाला. "मी सांगितलं तर म्हणेल, आता दुसऱ्यावर ढकलतोय. तू 'झालं' म्हणालास ना? मग झालं नव्हतं हेही तूच म्हणायचं."

अरुंद जिना होता. टक्या पुढे, शेठ मागे. वरच्या दारावर टक्यानं थाप मारली आणि तो बाजूला सरून भिंतीला पाठ लावून उभा राहिला, रोज राहायचा तसा.

वहिनीनं दार उघडलं. ती थकली होती, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. टक्याकडे तिचं लक्ष गेलं आणि तिचा हात दार लोटायला सरसावला. टक्यानं खिशातून झडप काढून शेठच्या हातात ठेवली.

"वहिनी," शेठ म्हणाला, "त्याचं बांधणं चुकलं नव्हतं."

त्यानं सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. वहिनीनं झडप हातात घेतली नाही, नुसती पाहिली. शेठ शेवटी म्हणाला, "चौकशीवाल्यांकडे उद्या जातो. लिहून देतो." शेठच्या तोंडाकडे तिनं पाहिलंच नाही. ती भिंतीशी उभ्या असलेल्या, केस पिकलेल्या दिराकडे बघत होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "चपला काढा. आत या."

टक्यानं चपला काढल्या. एक नीट निघाली, दुसरी पायातच अडली, ती त्यानं हातानं ओढून काढली. मग तो लहान मुलासारखा खाली मान घालून तिच्याजवळून आत गेला. त्याच्यामागून तिनं दार लोटलं.

शेठ बाहेर उभा राहिला, हातात झडप घेऊन. आतून रडण्याचा आवाज आला, मग कुणीतरी दार नीट ढकललं आणि खटका आपल्या जागी बसला. टक. त्यानं नकळत मान वळवून कान दिला. कुणी काही विचारलं नाही.